कराराची हद्द, जबाबदारीची हद्द

तुझ्यावर कोणी चालून आले, तर ते माझ्यावरच आले असे मी समजेन. माणसाने माणसाला दिलेल्या वचनांत हे बहुधा सर्वांत जुने वचन असावे. टोळ्यांनी ते दिले, गावांनी दिले, राजांनी दिले आणि सोयीनुसार मोडलेही. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी हेच वचन करारात उतरवले. उत्तर अटलांटिक कराराचे पाचवे कलम ते हेच. त्यातून उभी राहिलेली नाटो ही संघटना आज ३२ देशांची आहे. एखादी लष्करी आघाडी पाऊणशे वर्षे टिकावी, ही इतिहासात वारंवार घडणारी गोष्ट नव्हे. ती टिकली, कारण ती काळाप्रमाणे बदलत गेली, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. ते खरेच आहे. पण बदलली म्हणजे तिचे काय बदलले आणि काय बदलायचे राहून गेले, हे विचारायला हवे.

पाचव्या कलमाची चर्चा सगळेच करतात. सहाव्या कलमाकडे फारसे कोणी पाहत नाही. हे वचन कोणत्या भूभागापुरते लागू आहे, ते तिथे लिहिले आहे. ढोबळमानाने युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक, एवढीच ती हद्द. या हद्दीचा आपल्याशीही एकदा संबंध आला होता. सालाझारचा पोर्तुगाल हा नाटोचा संस्थापक सदस्य. करार लोकशाहीचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे नाव घेऊन सुरू होतो, तरी हुकूमशहाला त्यात जागा मिळाली. अझोर्स बेटांचे लष्करी महत्त्व मोठे होते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. अमेरिका आणि ब्रिटनने सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध भूमिका घेतली, सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. मात्र नाटो लढायला आली नाही. गोवा कराराच्या हद्दीबाहेर होता. कागदावरच्या त्या रेघेने बलवानांच्या हातांना थोडा का होईना आवर घातला होता.

मग १९९१ साल आले. जुलैत वॉर्सा करार संपला, डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही. ज्याच्या भीतीने घर बांधले, तोच नाहीसा झाला. अशा वेळी घराचे काय करायचे? नोव्हेंबर १९९१ मध्ये रोम येथे नाटोने आपले उत्तर दिले. आता धोका ठरवून केलेल्या एका मोठ्या आक्रमणाचा उरलेला नाही. तो वांशिक वैरातून, सीमातंट्यांतून, संहारक अस्त्रांच्या प्रसारातून आणि दहशतवादातून, अनेक दिशांनी येऊ शकतो, असे तिथे मांडले गेले. शत्रूला पत्ता होता. धोक्याला पत्ता नसतो. त्यामुळे हद्दीची जुनी रेघ पुसट होणार हे त्याच दिवशी ठरून गेले.

रेघ ओलांडणे हेच पाप, असे मात्र कोणी म्हणू नये. बोस्नियाने ते दाखवून दिले आहे. जुलै १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ जाहीर केलेल्या स्रेब्रेनित्सात ८,००० हून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. नाटोची विमाने दोन वर्षांपासून त्याच आकाशात घिरट्या घालत होती. ऑगस्टच्या अखेरीस तिने जोराचे हवाई हल्ले सुरू केले आणि वर्ष संपण्यापूर्वी डेटनचा समझोता झाला. जे ऑगस्टमध्ये जमले ते जुलैत का जमले नाही, हा प्रश्न त्या कबरींपाशी कायमचा उभा आहे. हात आखडून बसण्यानेही माणसे मरतात.

हाच धडा घेऊन १९९९ मध्ये कोसोवोत नाटोने वाट पाहिली नाही. सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय तिने युगोस्लावियावर ७८ दिवस बाँबफेक केली. घरातून हाकलले गेलेले लाखो अल्बेनियन त्यानंतर परतले, हे नाकारता येणार नाही. पुढे एका स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाने या कारवाईला बेकायदेशीर, तरीही समर्थनीय ठरवले. पण त्याच ७८ दिवसांत, १४ एप्रिलला, जाकोव्याजवळ निर्वासितांच्या तांड्यावर बाँब पडले आणि ज्यांना वाचवायचे होते त्यांतलीच माणसे मेली. २३ एप्रिलला बेलग्रेडच्या सरकारी दूरचित्रवाणी केंद्रावर हल्ला झाला. रात्रपाळीला आलेले १६ कर्मचारी गेले.

या १६ जणांपैकी काहींचे नातेवाईक स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. डिसेंबर २००१ मध्ये न्यायालयाने अर्ज दाखल करून घेण्यासच नकार दिला. मृत व्यक्ती प्रतिवादी देशांच्या अधिकारक्षेत्रात नव्हत्या, असे त्याचे म्हणणे होते. कायद्याच्या भाषेत हे निर्दोष असेल. साध्या माणसाच्या भाषेत त्याचा अर्थ असा होतो की, बाँब तिथवर पोहोचू शकतो, न्याय पोहोचू शकत नाही. माझ्या मते नाटोच्या सगळ्या बदलांची मेख इथे आहे. कारवाईची हद्द वाढली, जबाबदारीची हद्द जुन्याच जागी राहिली.

पाचवे कलम प्रथमच लागू झाले ते ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दुसऱ्याच दिवशी, तेही आघाडीतल्या सर्वांत बलाढ्य सदस्यासाठी. ऑगस्ट २००३ पासून अफगाणिस्तानातील आंतरराष्ट्रीय फौजेची सूत्रे नाटोकडे आली. युरोपबाहेरची तिची ही पहिली मोठी मोहीम. ४ सप्टेंबर २००९ च्या पहाटे कुंदुजजवळ, तालिबानने पळवलेले इंधनाचे दोन टँकर नदीच्या वाळूत रुतले होते. गावकरी इंधन घ्यायला जमले होते. जर्मन अधिकाऱ्याने मागवलेल्या विमानांनी त्यांवर बाँब टाकले. मृतांच्या नेमक्या आकड्यावर आजही एकमत नाही, पण तो १०० च्या आसपास सांगितला जातो. जर्मनीने पीडित कुटुंबांना ५,००० डॉलर दिले. कायदेशीर जबाबदारी मात्र मान्य केली नाही. त्या अधिकाऱ्याला पुढे बढती मिळाली. दोन मुले गमावलेला एक बाप स्ट्रासबर्गपर्यंत गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला. तपास नीट करणे जर्मनीवर बंधनकारक होते, एवढे न्यायालयाने मानले, आणि तो तपास पुरेसा होता असेही ठरवले. वीस वर्षांत दार थोडेसे किलकिले झाले. त्यातून आत मात्र कोणी जाऊ शकले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले.

नाटोला या बाबतीत बदलताच येत नाही, असेही नाही. २००८ मध्ये काबूलच्या मुख्यालयात नागरी बळींची नोंद ठेवणारा कक्ष सुरू झाला, पुढच्या वर्षी हवाई हल्ल्यांचे नियम कडक झाले. म्हणजे इच्छा असली की मोजता येते, आवरता येते. पण २०११ मध्ये लिबियात हा धडा फारसा कामी आला नाही. नागरिकांच्या रक्षणाचा ठराव होता, आणि गद्दाफी मारला गेल्यावर अकराव्या दिवशी मोहीम संपली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाला तपासलेल्या हल्ल्यांपैकी पाच हल्ल्यांत ६० नागरिक मेल्याचे आढळले. जमिनीवर जाऊन शोध घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे नाटोचे उत्तर होते. नंतर तो देश फुटला, यादवीत सापडला. वाचवायची जबाबदारी घेतली, सांभाळायची घेतली नाही.

२०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावला, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले, आणि नाटो पुन्हा आपल्या मूळ कामाकडे वळली. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये आत आले. शेजाऱ्याची भीती खरी असते तेव्हा माणूस भिंत शोधणारच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण धोक्यांची यादी मात्र वाढतच राहिली. २००७ मध्ये एस्टोनियाच्या संगणक-जाळ्यांवर हल्ले झाले, २०१६ मध्ये ते जाळे आणि २०१९ मध्ये अंतराळ ही नाटोची कार्यक्षेत्रे ठरली. हवामानबदलही आता सुरक्षेच्या कागदांत आला आहे. २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचे ५ टक्के संरक्षण व सुरक्षेवर खर्चण्याचे २०२५ मध्ये हेग येथे ठरले. सगळेच प्रश्न सुरक्षेचे झाले की त्यांची उत्तरेही सैनिकांनाच विचारली जातात. शिवाय धोका कशाला म्हणायचे हे आतले ठरवतात आणि परिणाम मात्र बरेचदा बाहेरचे भोगतात.

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्यात नाटोकडे पाहण्याच्या दोन तयार नजरा आहेत. एक तिला मुसलमानांविरुद्धची फौज समजते, दुसरी कोसोवोसाठी तिची ऋणी असते. दोन्ही अपुऱ्या आहेत. तुर्कस्तान १९५२ पासून तिचा सदस्य आहे, अल्बेनिया २००९ पासून. कोसोवोत वाचलेले बहुतेक मुसलमान होते, कुंदुजला मेलेलेही मुसलमानच. मग बेलग्रेडच्या त्या १६ जणांचे काय? ते आपले नव्हते म्हणून त्यांच्यासाठी आपला जीव कमी हळहळणार असेल, तर आपणही मनातल्या मनात एक सहावे कलम लिहून ठेवले आहे. मेलेल्याचे नाव विचारून मग हल्ला न्याय्य की जुलूम हे ठरवणे, म्हणजे जी चूक आपण नाटोच्या पदरात घालतो तीच स्वतः करणे होय.

मला एकच कसोटी सर्वांना लावता येण्याजोगी वाटते: हत्यार जिथवर जाते, तिथवर उत्तरदायित्व गेले पाहिजे. मेलेल्यांची मोजदाद झाली पाहिजे. तपास मारणाऱ्याच्या हाती राहता कामा नये. भरपाई खैरात म्हणून न देता हक्क म्हणून मिळाली पाहिजे, आणि सत्ता उलथवणाऱ्याने नंतरच्या अंधारातही थांबले पाहिजे. ही कसोटी नाटोला लावावी, रशियाला तर तितक्याच कठोरपणे लावावी, आणि उद्या एखादी आघाडी आपल्या बाजूने उभी राहिली तर तिलाही लावावी. ती कोणाला लावताना आपला हात थरथरतो, हे ज्याने त्याने आपापल्या मनाशी तपासून पाहावे.