आच्छादन आणि असत्य

जी वस्तू जशी नाही तशी ती दिसावी, या हेतूने मनुष्याने बुद्धिपुरस्सर केलेला प्रयत्न सर्वत्र असत्यच ठरतो काय? प्रश्न जुना आहे. नट राजाचे वस्त्र नेसून रंगभूमीवर येतो, कवी मेघाला दूत करून पाठवितो, आई अंगणात उभी राहून लेकराला चंद्र हा मामा म्हणून दाखविते. यांना कोणी असत्यवादी म्हणत नाही. उलट कपाळी ठसठशीत गंध लावून जो मापात मारतो, त्याला आपण दांभिक म्हणतो, आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना याच दंभापासून सुरू होते. आच्छादन दोन्हीकडे आहे. मग एक निर्दोष आणि दुसरे सदोष, हा भेद कशाने होतो? पाठशाळेत शिकत असताना मला या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटत असे. पुढे एका दूरदेशीच्या शिल्पकाराच्या मूर्तींची छायाचित्रे पाहण्यात आली, आणि त्या निमित्ताने माझ्याच एका जुन्या कृत्याचा हिशेब मला मांडावा लागला.

फिनलंड देशाच्या दक्षिण भागात फिस्कार्स नावाचे गाव आहे. १६४९ साली तेथे लोखंडाचा कारखाना निघाला. नारिंगी मुठीच्या कात्र्यांमुळे ते नाव पुढे जगभर गेले. कारखान्याचे काम अन्यत्र हलल्यावर रिकाम्या पडलेल्या इमारतींत कारागीर आणि कलावंत येऊन राहू लागले. १९७४ साली जन्मलेले किम सिमोन्सन हे त्यांपैकीच एक. ते मातीच्या मूर्ती घडवून भट्टीत भाजतात. मूर्ती बहुधा बालकांच्या असतात. कोणाच्या पाठीवर गाठोडे, कोणाच्या डोक्यात पिसे, कोणी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. परंतु चेहरा, केस, वस्त्र, हात, पाय सारे एकाच मऊ हिरव्या थराने झाकलेले. जणू ही मुले फार पूर्वी अरण्यात शिरली, परतण्याचे विसरली, आणि बसल्या जागी त्यांच्या अंगावर वनाने आपले पांघरूण घातले. शिल्पकाराने त्यांना ‘शेवाळाची माणसे’ अशा अर्थाचे नाव दिले आहे.

येथे शब्दाविषयी थोडेसे सांगणे अवश्य आहे. संस्कृतातील ‘शैवल’ हे पाण्यातले. खडकावर, जुन्या भिंतीवर, झाडाच्या बुंध्यावर जी मखमल उगवते ती वनस्पती वेगळी. वनस्पतिशास्त्राचे मराठी ग्रंथ तिला ‘हरिता’ म्हणतात. परंतु आपली बोली दोहोंनाही शेवाळच म्हणते, म्हणून मीही तोच शब्द ठेवतो. या वनस्पतीला खरे मूळ नसते. दगडाला ती केवळ धरून राहते, त्याचा रस शोषीत नाही. पाणी ती पावसातून आणि दवातून आपल्या सर्वांगाने घेते. तिची वाढ मंद असते, आणि जेथे पायांचा राबता आहे तेथे ती टिकत नाही. म्हणूनच शेवाळलेला दगड पाहिला की आपण न सांगता दोन गोष्टी समजतो: येथे पुष्कळ काळ गेला आहे, आणि येथे कोणी फारसे आले नाही. फिनलंडची सुमारे तीन चतुर्थांश भूमी वनाने व्यापलेली आहे. तेथील जुन्या लोकसमजुतीत ‘मेट्सॅनपेइट्टो’ असा एक शब्द आहे. अर्थ, वनाचे आच्छादन. माणूस किंवा गुरे रानात अकस्मात् नाहीशी झाली, शोधणाऱ्यांच्या समोर असूनही दिसेनाशी झाली, तर त्यांना वनाने झाकून घेतले असे तेथे म्हणत.

आता मुख्य गोष्ट. सिमोन्सन यांच्या मूर्तींवर शेवाळाचा एक तंतूही नाही. तो थर नायलॉनच्या बारीक तंतूंचा आहे. दागिन्यांच्या डबीला आतून जे मखमलीसारखे अस्तर असते, ते पुष्कळदा याच युक्तीने बसवितात: पृष्ठभागास डिंकासारखा चिकट लेप द्यायचा, तंतूंना विजेचा प्रभार देऊन ते त्यावर सोडायचे, विजेच्या आकर्षणाने प्रत्येक तंतू उभा राहतो आणि चिकटतो. त्यातही एक मौज अशी की मूर्तीचा पृष्ठभाग काळा आणि वरचे तंतू पिवळे असतात. या दोहोंच्या संयोगाने पाहणाऱ्याच्या डोळ्यांत शेवाळाचा हिरवा रंग उमटतो. आमच्या तर्कशास्त्रात रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत ‘चित्र’ हे सातवे. अनेक रंगांच्या धाग्यांनी विणलेल्या वस्त्राचे रूप एकच वेगळे मानावे की नाही, यावर नैयायिकांनी पुष्कळ काथ्याकूट केला. ते वाचताना मी विद्यार्थिदशेत कंटाळत असे. काळ्यावर पिवळे घालून हिरवे करणारा हा शिल्पकार त्या सभेत आला असता, तर वाद आणखी दहा पाने वाढला असता.

असो. पूर्वपक्षी म्हणेल, हे तर दुहेरी असत्य झाले. शेवाळ नाही, आणि हिरवेपणाही नाही! शिवाय जी वस्तू काळ घडवितो ती चार दिवसांत घडविली. काल भट्टीतून निघालेल्या मूर्तीला युगानुयुगांचे वय दिले. आणि वनाचे रूप घेण्यासाठी वापरले काय, तर वनात कधी न कुजणारा नायलॉन. यास कला म्हणावे की कपट?

या आक्षेपातील एक अंश खरा आहे. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल प्रांतात हेलिगन येथील जुन्या उद्यानात १९९७ साली स्यू आणि पीट हिल या बहीणभावांनी निजलेल्या स्त्रीची एक मातीची विशाल आकृती केली. तिच्या अंगावरचे शेवाळ खरे आहे, वस्त्र वेलींचे आहे, केस उगवणाऱ्या पात्यांचे आहेत, आणि ऋतूप्रमाणे तिचे रूप पालटते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना चेष्टा, आणि पाचवे दैव. हेलिगनच्या स्त्रीत पाचही कारणे उघड दिसतात. माणसाने आकार दिला आणि उरलेले काम पावसाकडे सोपविले. फिस्कार्सच्या बालकांत पाचव्याला वाव फार थोडा. म्हणून ती मूर्ती पहिल्या दिवशी जितकी जुनी दिसते, तितकीच जुनी ती पुढेही दिसत राहणार. अनुकरण केलेल्या वार्धक्यात वय वाढत नाही. ही त्या कलेची मर्यादा म्हणा किंवा त्यातील करुणा म्हणा. मला ती दुसरी वाटते, कारण न वाढणारी ती मुलेच आहेत.

परंतु मर्यादा म्हणजे कपट नव्हे. प्रदर्शनात त्या मूर्तीशेजारी जी पट्टी असते तिच्यावर साधने सरळ लिहिलेली असतात: भाजलेली माती, नायलॉनचे तंतू. जो विचारतो त्याला कर्ता लपवीत नाही. गीतेने ज्याला मिथ्याचारी म्हटले आहे, तो इंद्रिये आवरून बसतो आणि मनाने विषयांचे चिंतन करतो. त्याचे आच्छादन प्रश्नाला अडविण्यासाठी असते. शकुंतलेच्या अंगावर वल्कल पाहून दुष्यंताला शेवाळाने वेढलेल्या कमळाची आठवण होते. तेथेही आच्छादन आहेच, परंतु त्याने काही हिरावून घेतलेले नाही.

तेव्हा विचारल्यावर खरे सांगितले की दोष नाही, असा सिद्धान्त करून मोकळे व्हावे काय? पुष्कळ वर्षे मी तसाच मोकळा झालो होतो. आता माझी गोष्ट सांगतो.

संस्कृतातून मराठीत भाषांतर करणे हा माझा व्यवसाय. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका प्रकाशकांनी एका लहानशा संस्कृत व्रतमाहात्म्याचे ओवीबद्ध भाषांतर मागितले. तारुण्य होते आणि जुन्या मराठीचा व्यासंग नुकता झाला होता. मी जुनी रूपे, जुने प्रत्यय, मोडीच्या कागदांत सापडणारे शब्द वेचून वेचून घातले. वाचणाऱ्यास तीनशे वर्षांपूर्वीची पोथी हाती आल्यासारखे वाटावे, अशी ती रचना साधली. मला तिचा अभिमान वाटला. पुस्तक छापून आले तेव्हा त्यावर माझे नाव नव्हते. ते मीच ‘नसले तरी चालेल’ म्हटले होते, आणि ते मला त्या वेळी निरहंकारीपणाचे लक्षण वाटले. परंतु मुखपृष्ठावर ‘प्राचीन’ हा एक शब्द वाढला होता. मी तो पाहिला आणि गप्प राहिलो. गीतेने मौनाची गणना मानस तपात केली आहे. माझे मौन त्या जातीचे नव्हते.

दहाएक वर्षांनी प्रकाशकांमार्फत एक पत्र माझ्याकडे आले. इंदूरच्या एका वृद्ध गृहस्थांचे होते. त्यांच्या घरी रोज सायंकाळी दिवा लावल्यावर त्या पोथीतील एक अध्याय वाचला जात असे. नातवंडे बसत, सुना बसत. त्यांनी इतकेच विचारले होते की हे रचणारे सत्पुरुष कोणत्या काळी होऊन गेले, त्यांची समाधी कोठे आहे, म्हणजे एकदा दर्शनाला जाता येईल.

मूर्ती पाहणारा आणि हे गृहस्थ यांत भेद कोठे आहे, तो मला त्या पत्राने दाखविला. चित्रात भिंत काढली तर तिच्याकडे पाहण्यास प्रत्यवाय नाही. परंतु कोणी थकलेला मनुष्य तिला पाठ टेकण्यासाठी वळू लागला, तर तो विचारील तेव्हा सांगू, असे म्हणून बसता येत नाही. त्याआधीच हाक मारावी लागते. शिल्पाजवळ आलेला प्रेक्षक त्या शेवाळावर आपल्या आयुष्यातले काही ठेवीत नाही. तो क्षणभर रानात जातो आणि परततो. ते गृहस्थ माझ्या शेवाळाला टेकून उभे होते. आच्छादन तेच, कौशल्य तेच. पण एकाने त्यावर भार टाकला होता, आणि तो भार टाकला जात आहे हे ठाऊक असूनही मी वर्षानुवर्षे हाक मारली नव्हती.

येथे कोणी विचारील की भक्ती खरी होती, दिवा खरा होता, मग रचना जुनी की नवी याने काय बिघडते? हा युक्तिवाद मीही स्वतःशी चार महिने केला, आणि तेवढे दिवस उत्तर लिहिले नाही. त्या काळात मला नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडाची आठवण पुन्हा पुन्हा होई. २०२२ साली तेथे देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे पिढ्यानुपिढ्यांचे थर शास्त्रोक्त रीतीने काढण्यात आले आणि आतले मूळ रूप दिसू लागले. ते थरही आच्छादनच होते. परंतु ते एका हाताने एका दिवशी चढविलेले नव्हते. प्रत्येक थरामागे खरोखरच कोणीतरी, कोणत्यातरी वर्षी, गड चढून आलेला होता. तो काळ खरा होता. माझ्या पोथीतला काळ मी मेजावर बसून दोन महिन्यांत तयार केला होता. ज्यांच्या घरी ती वाचली जात होती त्यांना त्या तीनशे वर्षांचा आधार वाटत होता, आणि तो आधार नव्हताच. हे जाणण्याचा अधिकार त्यांचा होता. त्यांच्या भक्तीच्या भल्यासाठी तो मी राखून ठेवतो, असे म्हणणे म्हणजे माझीच लाज त्यांच्या भक्तीने झाकणे होते.

शेवटी मी लिहिले. समाधी नाही, सत्पुरुष नाही, लिहिणारा मीच, आणि वय त्या वेळी तिशीच्या आतबाहेर. क्षमा मागितली.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. राग नव्हता. पोथीचे वाचन चालू आहे असे त्यांनी कळविले. मुलांना खरे सांगितले आहे, आणि मुलांना त्यात काही विशेष वाटले नाही. स्वतःविषयी मात्र त्यांनी एक वाक्य लिहिले होते: पूर्वी वाचताना माझे मन कोठेही अडत नसे, आता जुन्या शब्दापाशी आले की अडते.

पुढील आवृत्तीत माझे नाव आले आहे आणि ‘प्राचीन’ हा शब्द गेला आहे. ओव्यांतील ती जुनी रूपे मात्र अजून तशीच आहेत. ती बदलावीत काय, हे मी ठरवू शकलेलो नाही. फिस्कार्सच्या त्या बालकांपैकी एकाचे छायाचित्र माझ्या मेजावर आहे. त्याच्या गालावरचा तो नसलेला हिरवा रंग पाहत मी पहिल्या अध्यायाची नवी प्रत काढावयास बसतो, आणि तिसऱ्या ओवीपाशी लेखणी थांबते.