मनगट आणि खांदा

गेल्या दिवाळीत धाकटी बहीण न्यू जर्सीहून आली, ती मुलाच्या अडगळीतले ‘वी’ नावाचे एक जुने खेळयंत्र घेऊन. क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने ते २००६ साली बाजारात आणले आणि जगभर १० कोटींहून अधिक खपवले. आज त्याची सद्दी संपली आहे. पण आमच्या घरात मात्र फराळाच्या ताटांइतकेच त्याच्याभोवती कोंडाळे जमले. हातात एक पांढरी कांडी धरायची, ती रॅकेटसारखी फिरवायची, की टीव्हीच्या पडद्यावर टेनिसचा फटका बसतो.

आईचा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला. तरी तिने पदर खोचला आणि ओठ घट्ट मिटून, हात जितका वर जाईल तितका नेऊन फटके मारू लागली. समोर भाचा सोफ्यावर आडवा. तो नुसते मनगट झटकत होता, आणि जिंकत होता.

“अगं आजी, एवढा हात कशाला फिरवतेस? नुसतं असं झटक ना!”

“अरे, मग ते टेनिस कसलं?” आई म्हणाली आणि पुन्हा खांद्यापासून हात उचलला.

त्या मुलाने कोणताही नियम मोडला नव्हता. कांडीच्या पोटात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा जणू स्प्रिंगवर टांगलेला असतो. एस. टी.ने करकचून ब्रेक लावला की उभे प्रवासी जसे झुकतात, तसा तो हाताच्या हिसक्याने सरकतो, आणि किती सरकला यावरून यंत्र हिसक्याचा अंदाज करते. हिसका खांद्यातून आला की मनगटातून, हे त्याला सांगता येत नाही. पडद्यावरचा खेळाडू धावतोही आपला आपण. तुम्ही फक्त वेळेवर हात हलवायचा.

मग हा लबाडीचा खेळ म्हणावा का? माझे पहिले मत तसेच झाले. बोटे माळेचे मणी ओढत आहेत आणि मन बाजारात आहे, अशा जपाची मला आठवण झाली. मण्यांचा हिशेब तेवढा चोख! गंमत अशी, की या यंत्राचा खरा त्रास प्रामाणिकांनाच झाला. जोरात हात फिरवताना कांड्या सुटून भिंतीवर आणि टीव्हीवर आदळू लागल्या, तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने सुमारे ३२ लाख मनगटपट्टे बदलून देण्याचे जाहीर केले. सोफ्यावर आडवे पडून मनगट झटकणाऱ्याच्या हातून कांडी सुटण्याची भीती ती काय!

पुढे २००९ साली कंपनीने ‘मोशनप्लस’ नावाचा जोड काढला. त्यातला जायरोस्कोप हात किती वेगाने वळला हे मोजतो, त्यामुळे पडद्यावरची तलवार हाताबरहुकूम वळू लागली. पण त्याच्याही मोजमापात बारीक चुका साचत जातात. म्हणून मधूनमधून कांडी टेबलावर पालथी ठेवून त्याला ठिकाणावर आणावे लागते. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने तर कांडीच काढून टाकली आणि कॅमेऱ्याने सगळे शरीर न्याहाळायला सुरुवात केली. त्याला समोर पाचसहा फूट मोकळी जागा हवी; आमच्या बैठकीच्या खोलीत ती मिळायची म्हणजे दिवाण बाहेर काढावा लागेल.

आणि इथे माझे मत डळमळले. परीक्षक डोळस झाला की आळशी सापडतो हे खरे. पण त्याच्याआधी दुबळा सापडतो. शाळेत निबंध तपासताना हे मी अनुभवले आहे. गाइडातला निबंध घोकून लिहिणारा आणि स्वतःच्या वेड्यावाकड्या भाषेत लिहिणारा, दोघांना एकदा सारखे गुण पडले म्हणून मी संतापाने तपासणी कडक केली. शुद्धलेखन, मांडणी, परिच्छेद, सगळ्यांचे गुण वेगळे. घोकणारा तरून गेला. दुसऱ्याचे पाच गुण गेले. आईच्या अर्ध्याच उचललेल्या हाताला पुरा फटका मानणारे यंत्र अडाणी होते म्हणूनच ती खेळू शकत होती. तिच्यावरची दया आणि भाच्याला मिळालेली सवलत एकाच तुकड्यातून येत होती. त्यांतली एक ठेवून दुसरी काढायची कशी, हे मला अजून उमगलेले नाही.

मी स्वतः कसा खेळलो, हेही सांगितले पाहिजे. दिवसा सगळ्यांसमोर मी आईसारखा सबंध हात फिरवला, भाच्याकडे सहेतुक पाहत. रात्री निजानीज झाल्यावर मी एकटाच यंत्रासमोर बसलो. दोनतीन डाव हरलो. मग पाठ टेकली आणि हळूच मनगट झटकले. गुण भराभर वाढू लागले. शेवटचा एक गुण उरला असताना मागे दाराशी आईची चाहूल लागली, आणि माझा हात आपोआप खांद्यापासून उचलला गेला.

तो खाली येईपर्यंत चेंडू मागे निघून गेला होता.