राखेतला विस्तव

आषाढीच्या आधी निवृत्तिनाथांची पालखी आमच्या करकंबला मुक्कामाला येते. त्र्यंबकेश्वरहून निघून सिन्नर, राहुरी, नगर, कर्जत करत वारकरी इथवर पोचतात, तेव्हा पंढरी अगदी जवळ आलेली असते. त्या दिवशी गावातल्या चुली पहाटेपासून पेटलेल्या असतात.

अण्णांच्या वाड्यात एका दिंडीची पंगत असे. चाळीस वर्षांत खंड पडला नव्हता. पिठलं, भाकरी, ठेचा आणि वर गुळाचा चहा. अण्णा स्वतः दारात उभे राहून वाढप बघत. फक्त त्यांचा एक नेम होता : दुपारी २ वाजता पंगत बंद. एका वर्षी पायाला चिंधी बांधलेला एक म्हातारा वारकरी लंगडत चारच्या सुमाराला आला. अण्णा हात जोडून म्हणाले, "माउली, उशीर केलात. भांडी घासून झाली." म्हातारा "रामकृष्ण हरी" म्हणाला आणि पुढं गेला. अण्णा ते विसरूनही गेले.

अण्णांना साठावं सरलं. दाखल्यावर जन्मतारीख १ जून, कारण गुरुजींनी निम्म्या वर्गाची तीच लिहून टाकलेली. पण आई सांगायची, "तू पौषातल्या वद्य एकादशीचा." मुलांचा पुण्याहून फोन आला, "अण्णा, हॉल ठरवतो. साठ दिवे ओवाळू."

"ओवाळा, पण मी आल्यावर," अण्णा म्हणाले. "त्या एकादशीला त्र्यंबकला नाथांची यात्रा असते. इतकी वर्षं पालखी माझ्या दारात आली. यंदा मी त्यांच्या दारात जातो. सायकलवर."

"आवं, काय खुळ्यागत करताय?" अण्णांची कारभारीण म्हणाली. "साठीत माणूस गुडघं धरून बसतंय."

"म्हणूनच आत्ता जातो."

ज्या काळ्या बावीस इंची सायकलवर त्यांनी उमेदीत डेअरीला दूध घातलं होतं, तीच खोलून ग्रीस भरून घेतली. टायर-ट्यूब नवी टाकली. कॅरिअरला घोंगडी, पंप आणि भाकरीचं गाठोडं बांधलं. एकादशीच्या आठ दिवस आधी, उजाडायच्या आत, अण्णा निघाले.

कंदरच्या केळीच्या बागा, उजनीच्या पाण्यावरून येणारा गारठा, मग करमाळ्याकडचं उघडं माळरान. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर मागून आला की अण्णा सायकल साइडपट्टीवर उतरवत. समोरून वारं असलं की पायंडल जड व्हायचं, मांड्या भरून यायच्या. तरी नगरपर्यंत त्यांना कुणाकडं काही मागावं लागलं नाही. पैसे होते, रस्त्याला हॉटेलं होती.

राहुरीच्या पुढं मात्र दिवस मावळताना मागचं चाक बसलं. चिकटवलेलं पंक्चर मैलभरात पुन्हा सुटलं. गाठोडं कधीच संपलं होतं. अंधारात सायकल ढकलत अण्णा एका वस्तीजवळ आले, तेव्हा नऊ वाजून गेले होते. दिवे मालवलेले. कुत्री भुंकू लागली. दारावर थाप मारायला हात वर गेला आणि तिथंच अडकला. आयुष्यात पहिल्यांदा अण्णा परक्याच्या दारात उपाशी उभे होते. काय म्हणून हाक मारायची, तेच त्यांना सुचेना.

दार आतूनच उघडलं. कंदील घेऊन एक म्हातारी उभी होती. "कोण हाय रं बाबा?"

"मी करकंबचा. तिरंबकला निघालोय."

"करकंब!" म्हातारीचा चेहरा उजळला. "मी चालत आलेय ना नाथांसंगं. करकंब आलं की वाटायचं, आता पंढरी आलीच. ये, आत ये."

"आई, उशीर झालाय. चूल विझली असंल. पाणी द्या फक्त."

"चूल कशानं विझंल?" म्हातारी चुलीपुढं बसली. उलथन्यानं राख बाजूला सारली. आत शेणीचा निखारा लालभडक होता. तिनं दोन काटक्या ठेवून फुंकर घातली आणि पिठाच्या डब्याला हात घातला. "वाटंवरचं घर हाय आमचं. रातीला इस्तू राखंत झाकून ठिवायचा. कोण कवा यील, काय सांगावं?"

भाकरीचा पहिला तुकडा तोडला आणि अण्णांना पायाला चिंधी बांधलेला तो म्हातारा दिसला. घास घशाखाली उतरेना. म्हातारीला वाटलं, ठेचा तिखट झाला. तिनं दुधाची वाटी पुढं केली.

एकादशीला अण्णा त्र्यंबकला नाथांच्या समाधीपुढं उभे राहिले. निवृत्तिनाथ म्हणजे ज्ञानदेवांचे थोरले भाऊ आणि गुरू. त्यांनी आधी गहिनीनाथांपुढं ओंजळ धरली आणि मगच ती धाकट्या भावाच्या ओंजळीत रिती केली. अण्णांनी डोळे मिटले. मागायचं काहीच राहिलं नव्हतं.

त्या आषाढीला करकंबात पंगत दुपारीच उठली, भांडी घासून झाली. संध्याकाळी पावसाची भुरभुर सुरू असताना एक वारकरी बाई मुरगळलेला पाय ओढत दारात आली आणि ओशाळून म्हणाली, "माउली, मागं राहिले. उशीर झाला जरा."

"उशीर कसला?" म्हणत अण्णांनी तिच्या पायांवर गरम पाणी घातलं. मग चुलीपुढं बसून स्वतःच्या हातानं राख सारली. खाली विस्तव होता.

नातवानं विचारलं, "आबा, आपली पंगत तर दोनला बंद होते ना?"

"पंगत उठली तरी चूल झाकून ठेवायची, बाळा," अण्णा फुंकर घालत म्हणाले. "मी चाळीस वर्षं वाढत होतो, पण भूक घड्याळ बघून लागत नाही, हे मला दुसऱ्याच्या दारात उपाशी उभं राहिल्यावर कळलं."