जबालेची साक्ष

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम गुरुगृही निघाला, तेव्हा परिचर्येत तारुण्य वेचलेल्या त्याच्या मातेला, जबालेला, त्याचे गोत्र सांगता आले नाही. तिने केवळ आपले नाव दिले आणि गुरू गौतमांनी त्या सत्यकथनावरच मुलाचा स्वीकार केला. सरकारदरबारी मात्र सत्यालाही दस्तऐवज लागतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने परदेशी जन्मलेल्या अपत्याचे नागरिकत्व वंशाधारे मानले खरे, परंतु १० डिसेंबर १९९२ पूर्वी जन्मलेल्यांच्या बाबतीत तो वंश पित्याचाच. मातेचे भारतीयत्व त्यात जमेस धरले जात नसे. (उपनिषत्कार याबाबत आपल्या संसदेहून पुढारलेले म्हणावयाचे!) ३ डिसेंबर २००४ पासून तर जन्मानंतर वर्षाच्या आत वकिलातीत नोंद हवी, नपेक्षा केंद्र सरकारची परवानगी. कुवेतसारखा देश केवळ तेथील जन्मामुळे नागरिकत्व देत नाही. तेव्हा तेथे राबणाऱ्या एखाद्या कोकणी कामगाराच्या हातून ही नोंद राहून गेली, तर त्याचे अर्भक कोणाचे? नोंदीने नाते उत्पन्न होते की आधीच असलेले नाते तिने ओळखले जाते? माझ्या मते दुसरेच खरे. म्हणून आईबापांच्या हातून चुकलेल्या मुदतीचा दंड अपत्याला होणे हा अन्याय आहे.