परीक्षा किती वेळा घ्यायची?

१८७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा सर रिचर्ड टेम्पल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला, सढळ हाताने पैसा खर्चला आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. शाबासकी राहिली दूर, उधळपट्टीचा ठपका मात्र त्यांच्यावर आला. १८७७ च्या आरंभी दख्खनच्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांनाच पाहणीसाठी धाडले. या वेळी ते हात आखडूनच आले. दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी त्यांनी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. शिवाय कामाची जागा घरापासून लांब, मुक्काम छावणीत आणि नेमून दिलेले काम पुरे करण्याची सक्ती. खरोखर उपाशी असेल तोच एवढे सोसून येईल, हा त्यामागचा हिशेब. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदनांवर निवेदने पाठवली.

बेकाराला मदत देताना सरकारने किती कडक असावे, हा वाद आपल्याकडे तेव्हापासून चालू आहे. टेम्पल यांचा अर्धा मुद्दा बरोबर होता, असे मला वाटते. मदत मागणाऱ्याची ऐपत कागदांवरून ठरवण्यापेक्षा त्याच्यापुढे काम ठेवावे. ज्याला गरज असेल तो करील. चूक पुढच्या अर्ध्यात होती. कामाने गरज सिद्ध झाल्यावरही त्यांनी परीक्षा थांबवली नाही. मजुराला लांब नेऊन, अर्धपोटी ठेवून ते आणखी तपासतच राहिले.

महाराष्ट्राने शंभर वर्षांनी यातला बरोबर भाग उचलला. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी वसंतराव नाईकांच्या सरकारच्या गळी उतरवली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला लोक लोटले. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमी योजनेचा (रोहयो) कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या कायद्यात जातीची अट नव्हती, उत्पन्नाचा दाखला नव्हता, दारिद्र्यरेषेची यादी नव्हती. अंगमेहनत करायची तयारी एवढीच पात्रता. मे महिन्याच्या उन्हात कुदळ मारायला सुखवस्तू माणूस येत नाही, हे ओळखायला तहसीलदाराची सही लागत नाही. बायका या कामांवर मोठ्या संख्येने आल्या, कारण काम गावाच्या आसपास होते आणि कोणाची शिफारस लागत नव्हती.

या योजनेसाठी पैसा कुठून आला, तेही सांगायला हवे. १९७५ मध्ये राज्यात व्यवसाय कर आला तो मुख्यतः यासाठीच. पगाराच्या पावतीवर पी.टी. म्हणून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, त्यांचा बांधबंदिस्तीशी काही संबंध असेल, हे पुण्या-मुंबईच्या किती नोकरदारांना ठाऊक आहे? पण संबंध आहे, आणि म्हणून हिशेब विचारण्याचा त्यांना हक्कही आहे. ‘आमच्या पैशावर कोणी बसून खाऊ नये’ हे म्हणणे तुच्छतेने झटकून टाकावे असे नाही. रोहयोत बसून खाण्याची सोयच नव्हती, हे त्याला उत्तर आहे.

मग घोटाळे? झालेच. हजेरीपटावर मेलेली माणसे कामाला आली, कागदावर तलाव खणले गेले. पण ही लबाडी खडी फोडणाऱ्याची नव्हती. मस्टर ज्याच्या हातात, मापे ज्याच्या हातात, त्याची ती होती. कडकपणा करताना आपण नेमके हेच विसरतो आणि वर बसलेल्याच्या चोरीसाठी खाली वाकलेल्याची झडती घेतो.

१९८८ ची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. त्या वर्षी रोहयोची मजुरी वाढून जवळजवळ दुप्पट झाली. तेव्हा काम मागणारे वाढायला हवे होते; हजेरी मात्र घटली. मार्टिन राव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा मागूनही काम न मिळण्याचे प्रमाण वाढल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. हमी कायद्यात जशीच्या तशी होती. पण दार बंद करायला कायदा बदलावा लागत नाही. काम उघडायला उशीर करायचा, अर्ज घ्यायचा पण पोच द्यायची नाही, ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणायचे, एवढे पुरते. अशा टाळाटाळीला आळा म्हणून कायद्यात बेकारी भत्ता होता, पण त्याचा किमान दर दिवसाला एक रुपया! त्या रुपयाला कोणता अधिकारी घाबरेल?

मजुरी कमी ठेवून गर्दी आवरावी, असे यावर कोणी सुचवील. त्या वाटेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच पाटी लावून ठेवली आहे. राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम हे वेठबिगारच आहे, मग ते दुष्काळ निवारणासाठी का असेना. टेम्पल यांच्या मजुरीला संविधानाने दिलेले हे उत्तर मानायला हरकत नाही.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने (पुढे मनरेगा) महाराष्ट्राची ही कल्पना देशभर नेली. शंभर दिवस काम, पंधरा दिवसांत काम न दिल्यास भत्ता, मजुरी लांबल्यास भरपाई. कागदावर इथे शासनालाही शिस्त लागली. प्रत्यक्षात भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडला, आणि मजुराची तपासणी मात्र वाढत गेली. २०२३ पासून कामावर दिवसातून दोनदा फोटो. २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच. नाव एका ठिकाणी ‘सखुबाई’ आणि दुसरीकडे ‘सखू’ असले की केलेल्या कामाचे पैसे अडायचे. रेंज नसलेल्या पाड्यावर दिवसभर माती वाहिलेली बाई यंत्राच्या लेखी गैरहजर. इतके करून चोरी थांबली म्हणावे, तर जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले की, कामाच्या फोटोऐवजी फोटोचाच फोटो काढून चढवला जातो. मुकादम तोच, फक्त मस्टरच्या जागी मोबाइल आला.

अंगमेहनतीची ही परीक्षा सर्वांना लागू होत नाही, हेही खरेच. म्हातारा, अपंग, दिवस भरत आलेली बाई यांच्यापुढे कुदळ ठेवणे हा क्रूरपणा आहे. त्यांच्यासाठी निराधार योजना आहे, आणि तिच्यात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनेक वर्षे एकवीस हजार रुपयांवरच ठेवली गेली. एवढ्यात वर्ष काढणारे कुटुंब शोधण्यापेक्षा खोटा दाखला मिळवणे सोपे. अट इतकी आवळली की ती माणसाला खोटे बोलायला लावते, आणि मग त्याच खोटेपणाकडे बोट दाखवून आणखी आवळता येते. पदवीधर बेकाराचा प्रश्न याहून वेगळा. त्याला मातीकाम देऊन काही सिद्ध होत नाही आणि सरकारी कचेरीत काही महिने विद्यावेतनावर बसवूनही त्याची बेकारी सुटत नाही. त्याच्यासाठी योग्य कसोटी अजून आपण शोधलेली नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे एकशे पंचवीस झाले. त्याच वेळी पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण साठ दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद आली. ‘रोहयोमुळे मजूर मिळत नाही’ ही बागायतदारांची तक्रार जुनीच आहे, आणि छोट्या शेतकऱ्याची ओढाताण खोटी नाही. पण सरकारी काम शेजारी चालू असते तेव्हा खुरपणीला जाणारी बाई रोजावर दोन शब्द बोलू शकते. तिच्यापाशी ‘नाही’ म्हणायला जागा असते. ऐन हंगामात, म्हणजे तिच्या श्रमाला सर्वांत जास्त किंमत यावी त्याच दिवसांत, ही जागा आता कायद्यानेच काढून घेतली जाईल. आणि त्या साठ दिवसांत कोणाच्याच शेतावर तिला काम मिळाले नाही, तर भत्ता कोणाच्या खिशातून द्यायचा, हे ठरवण्याची गरज कोणाला वाटलेली दिसत नाही.