तांबडी पायताणे

मेक्सिकोत, अमेरिकेच्या सीमेला लागून, सिउदाद हुआरेस हे शहर आहे. तेथील कित्येक स्त्रिया बेपत्ता झाल्या, मारल्या गेल्या. २००९ साली एलिना शोवे या चित्रकर्तीने तेथील रस्त्यावर बायकांच्या तांबड्या पायताणांचे ३३ जोड मांडून ठेवले. तिची बहीणही घरातल्याच हिंसेला बळी पडली होती. त्या मांडणीत ना रक्त होते, ना चेहरा. पायताणे होती, पाय नव्हते.

असे काही पाहून हळहळले, म्हणजे आपले कर्तव्य संपले काय? मला तसे वाटत नाही. हळहळीला काही मोल पडत नाही. परक्या बाईच्या पायताणापाशी थबकणारा माणूस शेजारचा आक्रोश कानी येताच ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून दार लोटून घेतो. वास्तविक आपल्याकडील २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये अशी खबर संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतो, आणि सद्‌हेतूने खबर देणाऱ्याला कायद्याने जबाबदार धरता येत नाही. तेव्हा कोर्टकचेरीचे निमित्त उरत नाही. उरतो तो शेजाऱ्याशी येणारा वाईटपणा. तेवढा पत्करण्याची ज्याची तयारी झाली, त्याच्यापुरती ती रस्त्यावरची कला सार्थकी लागली.