खोललंच आहे तर

गॅरेजमध्ये एक वाक्य असं असतं, की ते कानावर पडताच गाडीचा मालक नकळत खिसा चाचपतो. "खोललंच आहे तर हेही करून टाकू." कराडच्या गॅरेजात ते मराठीत म्हणतात, इंग्लंडमध्ये इंग्रजीत. अर्थ तोच. एका कामासाठी गाडी उघडली, आता उघडलीच आहे तर आत दिसतंय ते सगळं नवं का करू नये? हे वाक्य शहाणपणाचंही असू शकतं आणि लुबाडणुकीचंही, आणि दोन्ही वेळा शब्द अगदी तेच असतात. मग फरक ओळखायचा कशावरून? गेल्या हिवाळ्यात एका जुन्या गाडीमुळे मला यावर नीट विचार करावा लागला.

गाडी १९७२ ची एमजीबी जीटी. ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. स्पोर्ट्स कार खरी, पण साध्या नोकरदारालाही परवडेल अशी. मी कॉव्हेंट्रीत राहते आणि शनिवार-रविवारी या गाडीशी खटपट करते. तिचा क्लच घसरायला लागला होता. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र होती तिथेच.

आता क्लच प्लेट बदलणं म्हणजे तसं मोठं काम नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवला की ती हाताशी येते. एमजीबीत गिअरबॉक्स असा खालून निघत नाही. बॉनेट काढायचं, रेडिएटर काढायचा, वायरी आणि पाइप सोडवायचे, आणि अख्खं इंजिन क्रेनने वर उचलायचं. आठ इंची प्लेटसाठी एवढा खटाटोप. आणि एकदा का इंजिन बाहेर येऊन स्टँडवर बसलं, की ते वाक्य आपोआप ओठांवर येतं.

माझ्या बाबतीत ते दोन बाजूंनी आलं. कराडला माझ्या मामांचं गॅरेज होतं. आयुष्यभर त्यांनी अ‍ॅम्बॅसिडर दुरुस्त केल्या. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये बरीच वर्षं १४८९ सीसीचं जे पेट्रोल इंजिन होतं, ते बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. व्हिडिओ कॉलवर ते बघून मामा हसले. "अगं, हे तर आपल्या अ‍ॅम्बॅसिडरचंच इंजिन, जरा खाऊनपिऊन सुटलेलं!" मग लगेच कामाला लागले. "वर आलंच आहे तर चेंबर काढ. बेअरिंग बघ. रिंगा टाकून घे. पुन्हा कोण काढत बसणार?"

शेजारचे आजोबा कार कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. क्रेन त्यांचीच. त्यांचं म्हणणं बरोब्बर उलटं: चालतंय त्याला हात लावू नकोस. क्लच बदल, इंजिन परत बसव, चहा पी.

दोघांचाही अनुभव माझ्या वयाहून मोठा. आणि प्रश्न नुसता तात्त्विक नव्हता. इंजिन पूर्ण बांधायचं तर उन्हाळ्यात घरी जायच्या तिकिटांचे पैसे त्यात गेले असते. नाही बांधलं आणि चार महिन्यांनी मोटरवेवर बेअरिंग गेलं, तर हाच खटाटोप पुन्हा, शिवाय क्रँकचं नुकसान.

जुन्या गाड्यांच्या गप्पांत इथे कोणीतरी हमखास वेगळाच मुद्दा काढतं. इतकं सगळं बदललं तर गाडी 'तीच' राहील का? हा प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयातही गेला होता. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटले १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल माँची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात इतके बदल झाले की १९२९ च्या गाडीतलं फारसं काही उरलं नाही. एका कंपनीने ती एक कोटी पौंडांना घ्यायचं कबूल केलं आणि नंतर 'ही खरी ती गाडी नाहीच' म्हणत माघार घेतली. १९९० मध्ये न्यायाधीशांनी विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नव्हता. ती मोडून दुसरीच गाडी उभी केली, असं कधी झालंच नव्हतं.

मला हा निकाल पटतो, आणि म्हणूनच मला वाटतं की आपला प्रश्न ओळखीचा नाहीच. रिंगा बदलल्या म्हणून माझी गाडी परकी होणार नव्हती. प्रश्न वेगळा होता. एखादी गोष्ट करणं सोपं झालं, एवढ्यावरून ती करण्याला कारण मिळतं का?

मी फडक्यावर सुटे भाग मांडले आणि त्यांचे तीन ढीग केले.

पहिल्या ढिगात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. या गाडीत ते बेअरिंग कार्बनचं असतं, सतत पेडलवर पाय ठेवून चालवणाऱ्याच्या गाडीत लवकर झिजतं. शिवाय क्रँकच्या टोकातला बोटाच्या पेराएवढा पितळी बुश, फ्लायव्हीलमागचं ऑईल सील आणि मागच्या पत्र्याआडचा प्लग. यातला बुश अजून चांगला होता, सीलही गळत नव्हतं. तरी मी दोन्ही बदलले. कारण यातलं काहीही गेलं, तर पुन्हा अख्खं इंजिनच काढावं लागतं. वस्तू चहा-सँडविचच्या किमतीची, पण तिच्यापर्यंतचा रस्ता दोन आठवड्यांचा. इथे मामा बरोबर होते.

दुसऱ्या ढिगात इंजिन गाडीत असतानाही निघतील, पण कष्टाने, असे भाग. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचं पॅकिंग, इंजिनाखालचे रबरी माउंट. इथे मी एवढंच विचारलं की हे आत्ता खराब आहे का. दोन्ही पॅकिंगमधून तेल झिरपत होतं. ती बदलली. माउंट ठीक होते, ते राहू दिले.

तिसऱ्या ढिगात पिस्टन, रिंगा, हेड. खरा मोह इथे असतो. इंग्लंडमध्ये २००० सालापासून शिसं घातलेलं पेट्रोल सर्रास मिळणं बंद झालं. तेव्हापासून या जुन्या लोखंडी हेडांत कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्यायची पद्धत पडली आहे. "इंजिन बाहेर आहेच तर हेड पाठवून दे," असं मला तिघाचौघांनी सांगितलं. पण हेड काढायला इंजिन बाहेर असावं लागतच नाही. ते गाडीत असताना एका दिवसात निघतं. म्हणजे 'खोललंच आहे तर' हे कारण हेडला लागूच पडत नव्हतं, नुसतं चिकटवलेलं होतं. इंजिन काढण्याआधी मी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं होतं. आकडे चांगले आणि एकमेकांच्या जवळ होते. पेट्रोलमध्ये सीटसाठीचं औषध मिसळणं चालू ठेवायचं ठरवलं आणि तिसरा ढीग बंद केला.

यातून मला एक कसोटी मिळाली. एखादी गोष्ट उघडल्यामुळे ज्या कामांना हक्क मिळतो ती दोनच प्रकारची असतात. जी आत्ताच बिघडलेली आहेत ती, आणि जी राहिली तर हेच दार पुन्हा उघडायला लावतील ती. बाकीच्यांनी दार उघडं दिसलं म्हणून आत घुसू नये.

पण एक पेच उरला होता. पॅकिंगसाठी चेंबर काढलं तेव्हा क्रँकची बेअरिंगं समोर आली. टोपी काढून आत बघायचं का? आजोबा म्हणाले, नको, बघितलंस की झोप जाईल. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. न बघितलेल्या गोष्टीची जबाबदारी आपल्यावर नसते असं वाटतं. बघितली की ती अंगावर येते. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. म्हणजे सरकारही म्हणतं, आम्ही बघणार नाही. मग बघायचं की नाही, हे पूर्णपणे मालकावर.

हाच पेच आपल्या शरीराबाबत रोज समोर येतो. फोनवर 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिराती येतात. रक्त देतोच आहोत तर साठ टेस्ट करून घ्या, थोडे जास्त भरले तर नव्वद. त्यातलं काहीतरी एक किंचित रेषेबाहेर येतं, मग पुढची टेस्ट, मग स्कॅन, मग न झोपलेल्या रात्री. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये तपासणी मोहिमांचे निकष लिहिले. त्यात एक साधी अट आहे. जो आजार शोधायचा त्यावर मान्य उपचार हवा, आणि कोणाला उपचार द्यायचे हेही आधी ठरलेलं हवं. म्हणजे बघण्याआधीच ठाऊक असायला हवं की काय दिसलं तर आपण काय करणार.

मी तेच केलं. टोपी काढण्याआधी कागदावर लिहिलं: बेअरिंगवर तांब्याचा रंग दिसला तर तिकिटं रद्द, इंजिन बांधायचं. एकसारखा राखाडी रंग असेल तर जसं होतं तसं परत बसवायचं, आणि नंतर मनात काहीही आलं तरी निर्णय बदलायचा नाही. मग टोपी काढली. रंग राखाडी होता. बेअरिंगच्या पाठीवर '०१०' असा शिक्का होता. म्हणजे कधीतरी कोणीतरी हा क्रँक दहा हजारांश इंच घासून घेतला होता आणि त्या मापाची बेअरिंगं बसवली होती. माझ्या आधी कोणीतरी याच प्रश्नासमोर उभं राहिलं होतं आणि त्याचं उत्तर 'बांधू या' असं आलं होतं. त्याच्या कामावर मी अजून काही वर्षं चालणार होते.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी त्यांच्याकडचा रिवाज सांगितला. टॅक्सीवाला क्लचसाठी आला की तेही म्हणायचे, खोललंय तर रिंगा टाकू. पण आधी त्याला बोलवायचे आणि झिजलेली रिंग त्याच्या हातात द्यायचे. "नख फिरवून बघ." काम झाल्यावर जुने पार्ट एका खोक्यात घालून सीटखाली ठेवायचे. "त्याला त्यातलं काही कळायचं असं नाही," मामा म्हणाले, "पण दुसऱ्या मिस्त्रीला दाखवता यायला हवं ना."

सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या खोक्यात आहे. तेच वाक्य प्रामाणिक आहे की लबाड, हे ते वाक्य ऐकून कळत नाही. ज्याची गाडी आणि ज्याचे पैसे, त्याला 'नको' म्हणता येईल इतकी माहिती दिली आहे का, यावरून कळतं.

गॅरेजबाहेर हे वाक्य थोडं वेगळं होऊन येतं. "विषय निघालाच आहे तर बोलते." आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रजा कोणी काढायची, एवढंच भावंडांना ठरवायचं असतं. मग विषय निघालाच आहे म्हणून लग्नातला खर्च निघतो, बाबांच्या आजारपणात कोण किती वेळा आलं ते निघतं, फ्लॅट निघतो. तासाभराने सगळं इंजिन सुटं होऊन जमिनीवर पडलेलं असतं आणि रजेचं ठरलेलं नसतं. मी 'जुनं काहीच काढू नये' असं म्हणत नाही. बाबांच्या आजारपणातला सल मिटल्याशिवाय रजेचं ठरणारच नसेल, तर तो विषय काढायलाच हवा. तो फ्लायव्हीलमागचं सील आहे. पण लग्नातल्या खर्चाला स्वतःचा वेगळा दिवस देता येतो. त्याला आजचं दार लागत नाही.

इंजिन परत बसल्यावर मी गाडीच्या वहीत तीन याद्या लिहिल्या. काय बदललं. काय बघितलं आणि तसंच ठेवलं. काय बघितलंच नाही. पहिली यादी सगळेच लिहितात, बिलांवरून ती आपोआप तयार होते. तिसरी लिहायला जरा जड जातं, कारण तिच्यात आपण काय केलं नाही ते उघड दिसतं. पण ही गाडी माझ्यानंतर ज्याच्याकडे जाईल, त्याला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. तिच्यात सध्या चार ओळी आहेत: हेड, पिस्टन, रिंगा, आणि उरलेली बेअरिंगं.